घरच्या निधीसंकलनात मद्य ठेवताय? आधी जबाबदारी कोणाची ते ठरवा

दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं जमवायची, संस्थेचं काम सांगायचं, थोडं खाणं, थोडं मद्य आणि मग देणगीचं आवाहन. असे कार्यक्रम घरोघरी होतात आणि बहुतेक यजमान त्यांची तयारी उलट्या क्रमानं करतात. आधी बाटल्या येतात, मग पाहुण्यांची यादी होते, आदल्या दिवशी कुणाला तरी परवाना आठवतो. विमा आठवतो तो अपघात झाल्यावर. खाली दिलेला क्रम मुद्दाम सुलटा लावला आहे, कारण पहिल्या टप्प्यात चूक झाली की पुढचे कागदही चुकीचे तयार होतात.

कायदा प्रत्येक देशात, काही देशांत तर प्रत्येक राज्यात वेगळा आहे. काही ठिकाणी दारूबंदीच आहे, तिथे हा विषय तिथेच संपतो. इतरत्र अंतिम शब्द स्थानिक वकिलाचा आणि परवाना कार्यालयाचा. पण त्यांना नेमकं काय विचारायचं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

टप्पा १: पैसा आणि ग्लास वेगळे करा (सहा आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून यावर वेळ घालवा.

तुम्ही मित्राला घरी बोलावून ग्लास हातात दिला, तर तुम्ही यजमान. त्याच ग्लासासाठी पैसे घेतले, तर अनेक कायद्यांच्या नजरेत तुम्ही विक्रेते. मग परवाना, कर, वयाची तपासणी, विमा असं सगळंच बदलतं. पैसे संस्थेला जाणार आहेत, तुम्हाला एक पैसाही मिळणार नाही, या गोष्टीनं बहुतेक ठिकाणी फरक पडत नाही.

लोक म्हणतात, ‘आम्ही विकत नाही, फक्त देणगीपेटी ठेवतो.’ मी एका कार्यक्रमात बारच्या टेबलावरच अशी पेटी पाहिली आहे. तिच्यावर ‘ऐच्छिक’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पण पैसे टाकल्याशिवाय ओतणारा स्वयंसेवक ग्लास पुढे करत नव्हता. ही विक्रीच झाली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३च्या परवाना कायद्याखाली तिकिटाच्या रकमेत पेय धरलेलं असलं किंवा पेयाच्या बदल्यात देणगी घेतली, तरी ती मद्यविक्री समजली जाते. पुढच्या प्रकारांकडेही त्याच नजरेनं बघा:

- प्रवेशशुल्कात ‘दोन पेयं मोफत’ धरणं
- बारवर कूपन किंवा टोकन चालवणं
- लिलावात किंवा सोडतीत मद्याची बाटली ठेवणं
- मोठ्या देणगीदाराला ‘खास’ बाटली भेट देणं

माझं स्पष्ट मत असं की घरच्या कार्यक्रमात विक्रीच्या वाटेला जाऊच नये. मद्य सगळ्यांना सारखं, मोफत आणि मोजकं द्या. देणगी दिली काय, न दिली काय, ग्लासाचा तिच्याशी संबंध नाही. निमंत्रणातही मद्याचा उल्लेख आमिष म्हणून करू नका. विक्री करायचीच असेल तर कार्यक्रम परवाना असलेल्या सभागृहात हलवा.

सावधान: प्रवेशाला सक्तीची रक्कम आणि आत मोफत मद्य हा मेळ सगळ्यात फसवा आहे. तुम्हाला मद्य मोफत वाटतं, कायद्याला ते तिकिटात धरलेलं दिसू शकतं. तुमच्या भागात काय मानतात याचं उत्तर परवाना कार्यालयाकडून लेखी घ्या.

न्यायालयांनी हा फरक किती गंभीरपणे घेतलाय ते बघा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं घरच्या यजमानालाही जबाबदार धरलं. पाहुण्याला दारू चढलेली दिसत असताना आणि तो गाडी चालवणार हे माहीत असताना त्याला पाजत राहिलात, तर तो ज्याला धडक देईल त्याच्या नुकसानीला तुम्हीही उत्तर द्याल, असा तो निकाल. त्या प्रकरणात यजमान पाहुण्याला गाडीपर्यंत सोडायला गेला होता आणि त्यानं त्याला जाताना पाहिलं होतं. उलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये, पाहुण्यांनी आपापलं मद्य आणलेल्या एका घरगुती पार्टीच्या यजमानांना जबाबदार धरलं नाही. पण का, ते वाचण्यासारखं आहे. व्यावसायिक विक्रेता गिऱ्हाईक किती पितंय यावर लक्ष ठेवू शकतो, त्याच्यावर नियमांचं बंधन असतं आणि त्याला नफा होतो. घरच्या यजमानाचं तसं नसतं, असा तो तर्क होता. आता बारवर पैसे घेणारा, माणूस नेमून पेग मोजणारा निधीसंकलनाचा यजमान या दोघांपैकी कुणाच्या जवळ जातो? म्हणूनच पैसा ग्लासपासून दूर ठेवायचा.

टप्पा २: यजमान नेमका कोण, ते कागदावर आणा

घर तुमचं, कार्यक्रम संस्थेचा, मद्य तिसऱ्याच देणगीदारानं दिलेलं आणि ओतणारा चौथाच. अपघात झाला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. नुकसानभरपाई मागणारा मात्र चौघांनाही नोटीस पाठवतो.

संस्थेकडून एक साधं पत्र घ्या. कार्यक्रम संस्थेचा आहे, विश्वस्तांच्या किंवा कार्यकारी समितीच्या बैठकीत त्याला मंजुरी मिळाली आहे, मद्य देण्याचा निर्णय कोणाचा, खर्च कोणाचा आणि घरमालकावर दावा आला तर संस्था तो कितपत उचलणार, एवढं त्यात असलं की पुरे. ठरावाची तारीख पत्रात घाला. अनेक संस्थांच्या स्वतःच्या नियमांत मद्यावर बंदी असते, काही देणगीदारही तशी अट घालतात; ते याच वेळी कळतं.

पत्र मागताना संकोच वाटतो, ‘आपलीच माणसं आहेत’ असं मनात येतं. पण हे पत्र आपल्याच माणसांशी नंतर भांडण होऊ नये म्हणून आहे. संस्था असं पत्र द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मद्याशिवाय कार्यक्रम करा.

टप्पा ३: परवाना (किमान चार आठवडे आधी)

फोनवर ‘घरी पार्टी आहे, परवाना लागतो का?’ असं विचारलं तर ‘नाही’ असं उत्तर मिळू शकतं, कारण समोरच्यानं वाढदिवस डोळ्यासमोर आणलेला असतो. पूर्ण चित्र सांगा. निधी गोळा होणार आहे, इतके लोक येणार आहेत, प्रवेशाला रक्कम आहे की नाही, मद्य विकत आणलंय की भेट आलंय, किती वाजेपर्यंत देणार आहात. हे सगळं ईमेलवर लिहा आणि उत्तरही ईमेलवरच मागा.

मुदती कडक असतात. इंग्लंड-वेल्समध्ये तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना साधारणपणे दहा पूर्ण कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. कामकाजाचे दिवस म्हणजे शनिवार-रविवार आणि सुट्ट्या धरायच्या नाहीत. अनेकांची चूक इथेच होते.

परवान्यासोबत इमारतीच्या किंवा वसाहतीच्या सोसायटीचे नियम आणि भाड्याचं घर असेल तर भाडेकरारही वाचा. घरात निधी गोळा करणं हा ‘व्यावसायिक वापर’ ठरत नाही ना, हे बघा.

मद्याच्या उगमाबद्दल एकच नियम: सीलबंद, कर भरलेलं आणि पावती असलेलं. घरी गाळलेलं किंवा उघडलेल्या बाटलीतलं मद्य कुणी कितीही प्रेमानं दिलं तरी घेऊ नका. भेसळीच्या दारूतलं मिथेनॉल थोड्या प्रमाणातही दृष्टी घालवू शकतं, जीवही घेऊ शकतं, आणि ते चवीवरून ओळखता येत नाही.

टप्पा ४: विमा

घराच्या विम्यात बहुधा ‘तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीची जबाबदारी’ असं एक कलम असतं आणि लोक त्यावर निश्चिंत असतात. ते पुरेल की नाही, हे तीन प्रश्नांवर ठरतं. घरात निधीसंकलन करणं विमा कंपनी ‘व्यवसाय’ मानते का, म्हणजे संरक्षणातून वगळते का? मद्य प्यायलेल्या पाहुण्यानं घराबाहेर, रस्त्यावर कुणाला इजा केली तर भरपाई मिळते का? आणि मिळाली तर जास्तीत जास्त किती? एजंट फोनवर ‘काळजी करू नका’ म्हणाला, तर त्या दिलाशाचा दाव्याच्या वेळी काही उपयोग नाही. उत्तर लेखीच हवं, पॉलिसीच्या कलमाच्या क्रमांकासह.

संस्थेची पॉलिसी असेल तर ती कार्यालयाबाहेरच्या कार्यक्रमाला लागू होते का, ते विचारा आणि त्या दिवसापुरतं तुमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालून घ्या. प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ते झालं असं समजू नका.

एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी वेगळी पॉलिसी मिळते, पण तिच्यात दोन जाती आहेत. एक मोफत मद्य देणाऱ्या यजमानासाठी, दुसरी मद्य विकणाऱ्यासाठी. पहिली घेऊन बारवर पैसे गोळा केले, तर दावा नाकारायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. टप्पा १ आधी का ठेवला, ते इथे कळेल.

तपासा: पॉलिसीवरची तारीख, वेळ, पत्ता आणि पाहुण्यांची संख्या. कार्यक्रम मध्यरात्रीपलीकडे जाणार असेल तर दुसऱ्या दिवसाची तारीखही आत आहे ना?

टप्पा ५: घर रात्रीच्या नजरेनं बघा

दिवसा नको. कार्यक्रमाच्या वेळेला, तेवढेच दिवे लावून, फाटकापासून आतपर्यंत चाला. तुम्हाला सवयीची झालेली एक बुटकी पायरी नवख्या पाहुण्याला, त्यातही दोन ग्लास झालेल्याला, दिसत नाही. गच्चीचा आणि बाल्कनीचा दरवाजा बंद ठेवा. पोहण्याचा तलाव असेल तर कुलूप लावा, निदान तिथे एक न पिणारा माणूस पूर्ण वेळ उभा करा. सैल गालिचे उचला, जिन्याला दिवा लावा, गाड्या उभ्या करायची जागा उजेडात ठेवा. घरातली औषधं आणि स्वतःचा मद्याचा साठा कुलपात ठेवा. कुत्रा असेल तर त्या संध्याकाळी तो दुसरीकडे राहू दे.

बदल करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो काढा. काळजी घेतली होती हे नंतर दाखवायला तेच उपयोगी पडतात.

टप्पा ६: बार कसा मांडायचा

स्वतः ओतून घ्यायची सोय ठेवली की कोणी किती घेतलं, हे कुणालाच कळत नाही. एकच टेबल आणि प्रशिक्षित माणूस, शक्यतो स्वतःचा विमा असलेल्या सेवा-कंपनीचा. हौशी मित्र नको. मित्राला मित्राला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि तोही घोटभर घेतोच. ओतणाऱ्यानं त्या दिवशी अजिबात प्यायचं नाही, यजमानानंही शेवटचा पाहुणा जाईपर्यंत नाही. पैसे किंवा बक्षिसी टाकायचा कसलाही डबा टेबलावर ठेवायचा नाही.

माप कळायला थोडं गणित लागतं. शुद्ध अल्कोहोलच्या हिशेबानं:

- ४० टक्के तीव्रतेच्या मद्याचा ३० मिलीचा पेग: सुमारे ९.५ ग्रॅम
- १२ टक्क्यांची १५० मिली वाइन: सुमारे १४ ग्रॅम
- ५ टक्क्यांची ३३० मिलीची बिअर: सुमारे १३ ग्रॅम

म्हणजे बिअर ‘हलकी’ आणि पेग ‘कडक’ ही समजूत मापात बसत नाही. सरासरी शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल बाहेर टाकतं, आणि त्याचा वेग कॉफीनं, लिंबानं किंवा थंड पाण्यानं वाढत नाही. आता कुणी रात्री आठपासून ६० मिलीचे चार पेग घेतले असं धरा. ते झाले सुमारे ७६ ग्रॅम. ते पूर्ण जायला साडेसात ते अकरा तास लागतील, म्हणजे पहाटे साडेतीन ते सकाळी सात. ‘आता दोन तास झाले, उतरली असेल’ हे वाक्य किती चुकीचं आहे, ते या हिशेबात दिसतं. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादाही सगळीकडे सारखी नाही. १०० मिली रक्तात भारतात ३० मिलिग्रॅम, युरोपातल्या बऱ्याच देशांत ५०, इंग्लंडमध्ये ८०. यजमानानं पाहुण्याचा आकडा अंदाजानं काढायच्या फंदात पडू नये. प्यायलाय तो चालवणार नाही, एवढाच नियम धरा.

साठा याच हिशेबानं आणा. चाळीस माणसं, माणशी फार तर दोन, म्हणजे ऐंशी पेयं. प्रत्यक्षात काही जण घेणारच नाहीत, म्हणून त्याहून कमी. ७५० मिली वाइनच्या बाटलीत पाच ग्लास, तेवढ्याच कडक मद्याच्या बाटलीत ३० मिलीचे पंचवीस पेग बसतात. ‘कमी पडायला नको’ म्हणून दुप्पट आणणं हीच धोक्याची सुरुवात असते, कारण समोर आहे म्हटल्यावर संपवलं जातं. मोठ्या भांड्यात फळांच्या रसात मद्य मिसळून केलेलं ‘पंच’ टाळा. त्यात कोणी किती घेतलं हे मोजताच येत नाही, आणि गोडव्याखाली मद्य लपतं. मद्य नसलेली पेयं तितकीच चांगली आणि टेबलावर पुढे ठेवा. पाणी सगळीकडे. पोटभर, पिष्टमय आणि प्रथिनयुक्त खाणं पहिल्या ग्लासाच्या आधी. खाण्यानं मद्य रक्तात हळू जातं. नुसत्या खारट पदार्थांनी तहान मात्र वाढते.

टप्पा ७: दारापासून आवाहनापर्यंत

दारावर न पिणारा एक माणूस यादी घेऊन उभा करा. यादीत नसलेल्या, सोबत आलेल्या माणसांचीही नावं लिहून घ्या. मद्यासाठीचं कायदेशीर वय झालेल्यांना हातात वेगळ्या रंगाची पट्टी बांधा आणि शंका असेल तर ओळखपत्र बघा. अल्पवयीनाला मद्य मिळालं तर अनेक ठिकाणी यजमानावर थेट गुन्हा होतो. ‘त्याचे आईवडील तिथेच होते’ हा बचाव सगळीकडे चालत नाही. कोणी स्वतः गाडी चालवत आलंय, तेही दारातच विचारा आणि जायची सोय तेव्हाच ठरवा. रात्री अकराला हा विषय काढला की वाद होतो, सात वाजता विचारलं की कुणाला काही वाटत नाही.

देणगीचं आवाहन शेवटी ठेवायची पद्धत आहे. ते पहिल्या तासात घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. शेवटी ठेवलं की लोक त्याची वाट बघत दोन तास पीत बसतात. शिवाय फार प्यायलेल्या माणसानं दिलेलं वचन किंवा लावलेली बोली नंतर कायद्यानंही वादात सापडू शकते, आणि सकाळी त्याला ती आठवली की संस्थेबद्दल कडवटपणा उरतो. आवाहन लवकर झालं की घाईत असलेले लवकर निघतात आणि गर्दी आपोआप कमी होते.

टप्पा ८: ‘आता पुरे’ कसं म्हणायचं

आवाज चढतो, तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाते, ग्लास टेबलाच्या अगदी कडेला ठेवला जातो, उठताना हात भिंतीला जातो. यातल्या दोन खुणा दिसल्या की त्या माणसाचा बार बंद. हा निर्णय ओतणाऱ्याचा असेल आणि यजमान तो फिरवणार नाही, हे आधी ठरवून ठेवा.

बोलायचं बाजूला घेऊन, हळू आवाजात आणि कारण न देता. ‘तुम्हाला चढलीय’ असं म्हटलं की माणूस सिद्ध करायला बसतो. असं म्हणून बघा: ‘काका, जरा माझ्यासोबत जेवायला बसा ना. गाडीची किल्ली माझ्याकडे द्या, तुम्हाला घरी सोडायला माणूस सांगितलाय.’ ऐकत नसेल तर त्यांच्या जवळच्या माणसाला मध्ये घ्या. वहिनींनी म्हटलेलं जे ऐकलं जातं ते आपण म्हटलेलं ऐकलं जात नाही. किल्ली हिसकावू नका. झटापटीत इजा झाली तर तो वेगळाच खटला. किल्ली न देता गाडीकडे निघालाच, तर पोलिसांना फोन करा. मैत्री तुटेल ही भीती खरी आहे, पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा जीव त्याहून मोठा आहे.

बार कार्यक्रम संपायच्या किमान एक तास आधी बंद करा. शेवटचा ग्लास रिकामा झाल्यावरही रक्तातलं प्रमाण अर्धा ते दीड तास चढत राहू शकतं, म्हणून ‘निघताना एक’ ही पद्धत घराबाहेरच ठेवा.

टप्पा ९: निरोप

दारावरचा तोच माणूस, तीच यादी. प्रत्येक नावापुढे कोण कसं गेलं ते लिहा: न प्यायलेल्या चालकासोबत, टॅक्सीनं, पायी. टॅक्सीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असू दे. चालत निघालेल्या चढलेल्या माणसालाही एकटं सोडू नका.

कोणी घरी झोपला तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून दार लावून घेऊ नका. कुशीवर झोपवा, जवळ माणूस बसवा. हाक मारून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठहून कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर, अंग थंड, झोपेतच उलटी, यातलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. पोलीस येतील म्हणून थांबू नका.

टप्पा १०: काही घडलंच तर

आधी जखमी माणूस, बाकी सगळं नंतर. मग त्याच रात्री, आठवण ताजी असताना, काय, कधी, कुणासमोर घडलं ते लिहून ठेवा, फक्त पाहिलेलं, अंदाज नाही. जागेचे फोटो घ्या. उरलेल्या बाटल्या मोजा, पावत्या आणि दारावरची यादी एका पाकिटात ठेवा.

विमा कंपनीला दुसऱ्याच दिवशी लेखी कळवा, दावा येवो न येवो. उशीर हे नाकारण्याचं नेहमीचं कारण असतं. जखमी माणसाची चौकशी जरूर करा, भेटायला जा. पण ‘चूक आमचीच, सगळा खर्च आम्ही देऊ’ असं वकिलाशी बोलण्याआधी कबूल करू नका. बऱ्याच पॉलिसींत कंपनीच्या संमतीशिवाय दिलेली कबुली संरक्षण धोक्यात आणते. कार्यक्रमाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याविषयी चर्चा नको, आणि आधीचे संदेश, फोटो पुसायचेही नाहीत. सगळी कागदपत्रं दावा करायची कायदेशीर मुदत संपेपर्यंत जपून ठेवा. ती बऱ्याच ठिकाणी काही वर्षांची असते, नेमकी किती ते वकिलाला विचारून पाकिटावरच लिहून ठेवा.